पालखी खळ्यात आली तेव्हा आई दाराआड उभी होती

अबोलीची वेणी | १९ मार्च, रात्री १०:४२

परवा शिमगा करून डोंबिवलीला परत आले. बॅगेतली लाल माती अजून झटकून झाली नाही आणि डोक्यातला विषयही जात नाही, म्हणून लिहायला बसले. लांबण लागेल, आधीच सांगते.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वरपासून आत. गावाचं नाव लिहीत नाही. जे सांगणार आहे ते काही एकाच गावात होत नाही, आणि मला माझं गाव चव्हाट्यावर आणायचं नाही. आमच्याकडे भद्रेचा शिमगा. पौर्णिमेला होम झाला की ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून (पालखी ठेवायचा गावचा चौथरा) निघते आणि वाडीवाडीने घरोघर फिरते. वर्षभर देवळात आपण जातो, पण या दिवसांत देवी आपल्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येते. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना त्याचं मोल शब्दांत सांगणं मला जमत नाही. ढोलाचा आवाज वळणावर आला की आमच्या घरातलं म्हातारं माणूससुद्धा पदर सावरून उठून उभं राहतं.

मी देव मानत नाही. बारावीत कधीतरी सुटला, भांडणतंटा न होता सुटला. घरी सांगितलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "नको मानू. पण पालखी येईल तेव्हा खळ्यात उभी राहा. ती तुझ्याकडे पण येते." मग मी दरवर्षी दिव्याहून सावंतवाडी गाडी पकडून जात राहिले आणि खळ्यात उभी राहत राहिले. हात जोडत नव्हते, पण पालखी नाचायला लागली की टाळ्या वाजवत होते. गावाने मला त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

बाबा दीड वर्षापूर्वी, गौरीगणपती होऊन आठवडा झाला आणि गेले. मागच्या शिमग्याला वर्ष झालं नव्हतं, घरात सण नव्हता. म्हणजे बाबांशिवायची ही पहिली पालखी.

आई सत्तरीला आलीय. गुडघे कुरकुरतात, तरी सकाळी सहाला उठून तिने खळं स्वतः सारवलं. भावाने "कोबा करून टाकू" म्हणून कितीदा सांगितलं, पण पालखी टेकते तेवढा चौकोन तिने शेणाचाच ठेवलाय. मग ओटीचं ताट काढलं. हिरवा खण, नारळ, तांदूळ, लेकुरवाळं हळकुंड, सुपारी, खारका, पाच बदाम. बदाम तिने डब्यातून एकेक निवडून घेतले, एक फुटका निघाला तो बाजूला ठेवून दुसरा घेतला. मी बाजूला बसून बघत होते.

ढोल वळणावर आला. आई ताट घेऊन उठली, शेजारच्या काकीच्या सुनेच्या हातात दिलं आणि आत गेली. उंबऱ्याच्या आत, दाराच्या फळीला हात लावून उभी राहिली. तिला कोणी मागे हो म्हटलं नाही. म्हणायची वेळच आली नाही. चाळीसहून जास्त वर्षं त्या खळ्यात जिने देवीची ओटी भरली, ती नवरा गेल्यावर आपण होऊन दाराआड झाली, आणि आम्हा सगळ्यांना ते इतकं सवयीचं वाटलं की पालखीचा नाच पण ठरल्यासारखा झाला. गाऱ्हाण्यात, म्हणजे गुरव देवीला घालतो त्या साकड्यात, बाबांच्या जागी भावाचं नाव आलं. आईचं आधीही नव्हतं, आताही नव्हतं.

मी एक शब्द बोलले नाही. आणि तेव्हापासून मला स्वतःचा आणि सगळ्यांचाच राग येतोय.

आता माझा प्रश्न. मी देव मानत नाही, तर देवीची ओटी कोणी भरली याने मला काय फरक पडायला हवा? शहरात आपण म्हणतो की धर्म ज्याची त्याची खाजगी बाब, मनातली गोष्ट. त्या हिशोबाने मी कधीच मोकळी झालेय. पण कोकणातला देव मनात राहतच नाही. तो खळ्यात येतो, वर्गणीच्या पावतीवर असतो, कोणाचा मान पहिला यात असतो, कोणाच्या वाडीत पालखी जाते आणि कोणाच्या नाही यात असतो. मी श्रद्धेतून बाहेर पडले, पण त्या नात्यातून बाहेर पडले नाही आणि पडायचंही नाही. मग या नात्यात मला बोलायचा अधिकार आहे की नाही? की न मानणाऱ्याने गप्प बसायचं?

तुमच्याकडे काय होतं, मनापासून लिहा.

---

जांभा | २० मार्च, सकाळी ७:१५

मी अडुसष्ट वर्षांचा आहे, गावातच राहतो, देवस्थानाच्या कमिटीत बारा वर्षं होतो. ताई, तुमचा लेख वाचून वाईट वाटलं. पण एक समजून घ्या. ओटी हे सवाष्णीचं लेणं आहे. सवाष्ण सवाष्णीची भरते तशी देवीची भरते. त्यात तुमच्या आईचा अपमान करावा असं कोणाच्या मनात नव्हतं, आणि आईच्याही मनात ते आलं नसेल. आपल्या बायकांनी हे आपलं म्हणून पाळलेलं आहे.

पण तुम्हाला वाटतंय तर त्याला मार्ग आहे. पुढच्या वर्षी पालखी सहाणेवर असताना गुरवाला सांगा आणि कळे लावा. देवीलाच विचारा. उजवा कौल मिळाला तर गावात कोणाची छाती नाही अडवायची. आमच्याकडे एका घराचा पिढ्यान्पिढ्यांचा वाद असाच मिटला. कमिटीत आम्ही डोकी फोडून घेतली असती, पण कौल झाला आणि दोन्ही भाऊ एका पंगतीला बसले.

न मानणाऱ्याला बोलायचा अधिकार आहे का म्हणता, तर जो पालखीला येतो तो गावचा. एवढंच.

---

भरतीरेषा | २० मार्च, सकाळी ११:०८

जांभाकाका, कौल डावा लागला तर?

मी हे वादासाठी विचारत नाही. ओल्या मूर्तीवर चिकटवलेली कळी कुठल्या बाजूने आधी पडेल हे पाणी किती, फूल किती जड, मूर्तीचा उतार कसा, यावर ठरतं. भावाभावांचा वाद त्याने मिटला असेल, कारण दोघांनाही मान खाली न घालता माघार घ्यायची होती. पण एका बाईला माणूस म्हणून जे मिळायला हवं ते फुलाच्या पाकळीवर सोडायचं? डावा पडला तर त्या काकूंना देवीनेच नाही म्हटलं असं होईल. मग ते कोण पुसणार?

दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला तेव्हा मी चिपळूणला कॉलेजात होतो. त्या वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तेव्हापासून मी एकच धरून आहे. जी रीत माणसाला कमी लेखते तिची डागडुजी करायची नाही, ती सोडायची. ओटी ही 'सौभाग्य' नावाच्या कल्पनेवर उभी आहे, म्हणजे नवरा जिवंत असणं ही बाईची पात्रता. विधवेलाही ओटी भरू द्या म्हणणं म्हणजे त्या कल्पनेला आणखी एक खांब देणं. अबोली, आईला त्या सगळ्यातूनच बाहेर काढा. तिला पुण्याला, मुंबईला न्या, तिच्या आवडीचं काहीतरी करू द्या.

---

अबोलीची वेणी | २० मार्च, दुपारी २:३०

भरतीरेषा, तुमचा कौलाबद्दलचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. पण आईला बाहेर काढा हे नाही पटत. ती बाहेर उभी होती, हाच तर माझा प्रश्न आहे. तिचं आवडीचं काहीतरी ती सकाळी सहा वाजता सारवत होती.

---

सुरंगीचो वळेसार | २० मार्च, रात्री ९:५१

आमी मालवणकडचे. आमच्याकडे तुमच्यासारी घरोघर पालखी फिरना नाय, जत्रा असता. जत्रेक सगळी बायलमाणसां देवीची ओटी भरतत. माजो आजो गेलो तेव्हा आजी चाळीसाची पण नव्हती. तरी तिना ओटी भरूची सोडूक नाय. एकदा रांगेत कोणीतरी तिका बोलला, "तू कित्या इलंस?" तर ती म्हणाली, "देवीन माका कधी इचारूक नाय, तुजो घोव खय आसा म्हणान. तू कित्या इचारतंस?" मागची रांग गप झाली. (घोव म्हणजे नवरा.)

आता जरा सगळ्यांना कळेल असं लिहितो. आमच्या गाऱ्हाण्याची पद्धत बघा. "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात होते आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. त्यात गावातली लेकरं, गुरंढोरं, मुंबईतले चाकरमानी, कोणाची नोकरी, कोणाचं आजारपण, सगळं येतं. बोलणारा एक असतो, पण होकार गावाचा लागतो. तो "व्हय" नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. मला वाटतं अबोलीताईच्या प्रश्नाचं उत्तर तिथे कुठेतरी आहे. गाऱ्हाण्यात ज्याचा उच्चार होतो तो गावाचा भाग. तुमच्या आईचं नाव गाऱ्हाण्यात आलं पाहिजे, ओटीच्या आधी.

---

लाल माती | २१ मार्च, रात्री ११:२०

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. धागा दोन दिवस वाचतेय. कायद्याच्या बाजूने थोडं लिहिते, कारण 'धर्म खाजगी बाब' हे वाक्य आपण राज्यघटनेचं म्हणून वापरतो आणि घटनेत ते तसं नाही.

'धर्मनिरपेक्ष' हा शब्द उद्देशिकेत ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये आला, पण अनुच्छेद २५ आणि २६ पहिल्यापासून आहेत. २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे आणि धर्म आचरण्याचंही आहे. म्हणजे मनातलं आणि खळ्यातलं, दोन्ही. पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन आहे, आणि त्याच अनुच्छेदाने राज्याला समाजसुधारणेचे कायदे करायची मुभा दिली आहे. आपली धर्मनिरपेक्षता ही देवळाबाहेर थांबणारी नाही. ती देवळात शिरून विचारू शकते की याला आत का घेतलं नाही. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शनिशिंगणापूरच्या प्रकरणात एप्रिलमध्ये आणि हाजी अलीच्या प्रकरणात ऑगस्टमध्ये हेच विचारलं.

आता कोकणाचं. 'वाळीत टाकणं' हा शब्द आपल्याकडे अजून रोजच्या बोलण्यात आहे. रायगड आणि रत्नागिरीतून अशी किती प्रकरणं पुढे आली ते इथल्या लोकांना सांगायला नको. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध एक कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर तो घटनाबाह्य ठरवला, कारण धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणं हा त्या संप्रदायाचा स्वतःचा अधिकार मानला गेला. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं महाराष्ट्राकडे असा कायदा नव्हता. २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. समाजातल्या कोणाला धार्मिक रीत पाळण्यापासून किंवा कार्यक्रमात भाग घेण्यापासून अडवणं हेही त्यात येतं.

पण अबोली, तुझ्या आईला कोणी अडवलं नाही. त्यामुळे हा कायदा इथे काही करत नाही. कायदा बंद दार उघडू शकतो. तुझ्या आईने दार स्वतःच लोटून घेतलं, आणि ते तिला कोणी शिकवलं त्याचा पंचनामा होत नाही.

एक मात्र करता येतं. कोकणात आपण गावकी आणि ग्रामसभा यांची गल्लत करतो. गावकी म्हणजे घराण्यांचे पुरुष, मानकरी, देवस्थान. ग्रामसभा म्हणजे गावातला प्रत्येक मतदार, तुझी आई धरून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने रात्रीत काही बदलत नाही हे मलाही माहीत आहे. पण ज्या बाईला पुढे व्हायचंय तिच्या पाठीशी एक कागद असतो, आणि गावात कागदाला किंमत असते.

---

ओढ्यापल्याड | २२ मार्च, संध्याकाळी ६:०५

लिहू की नको असं चाललं होतं. लिहितो.

मी मंडणगड तालुक्यातला, बौद्धवाडीतला. आमची वाडी गावाच्या खालच्या अंगाला, ओढा ओलांडून. बाबासाहेबांचं आंबडवे आमच्याच तालुक्यात. १९५६ च्या आधी शिमग्यात आमच्या माणसांना 'मान' होता असं गाव आजही सांगतं. माझे आजोबा त्या मानाचा अर्थ सांगायचे. होळीसाठी लाकूड ओढून आणायचं, वाजवायचं, आणि पालखी नाचत असताना लांब उभं राहायचं. देवीने स्वीकारलेला नारळ फुटला की शेवटचा तुकडा आमचा. मान म्हणजे काम, आणि वर उपकार.

ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. आमच्या वाडीने पुढच्या शिमग्याला निरोप पाठवला की आता आम्ही येणार नाही. आजोबा सांगायचे, त्या पावसाळ्यात वाडीतल्या एकाही माणसाला लावणीला कोणी बोलावलं नाही. चुली कशा पेटल्या ते तेव्हाच्या बायका जाणोत. तरी कोणी परत गेलं नाही. ज्यांनी १९२७ चं महाड पाहिलं होतं त्यांना पाण्याच्या एका ओंजळीला काय किंमत पडते ते माहीत होतं. चवदार तळ्याचा कज्जा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ उजाडलं, दहा वर्षं. आमच्या म्हाताऱ्यांना थांबायची सवय होती.

अबोलीताई, तुम्ही म्हणता तुम्ही श्रद्धेतून बाहेर पडलात पण नात्यातून नाही. तुमच्या बाबांनी "ती तुझ्याकडे पण येते" म्हटलं. हे वाचताना मी थांबलो. आमच्याकडे ती येत नाही. आम्हाला ती यायला नको आहे, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत आणि त्या मी मनापासून पाळतो. पण खरं सांगतो, लहानपणी रात्री वरच्या वाडीतून ढोल ऐकू यायचा तेव्हा अंथरुणात माझे पाय हलायचे. आई पायावर हात ठेवायची. दाबायची नाही, नुसता ठेवायची.

माझे वडील गेल्यावरही आमच्या विहारात माझी आई वंदनेला पहिल्या रांगेत बसते. वर्षावासाच्या प्रवचनाला दिवा तीच लावते. मला त्याचा अभिमान आहे. पण गेल्या मे महिन्यात चुलत बहिणीच्या हळदीला तीच आई मागे सरली. धम्मात तसं काही नाही, कोणी सांगितलं नाही, तरी सरली. आम्ही देव सोडले, पण ही मागे सरायची खोड आमच्यासोबत ओढा ओलांडून आली. तुमच्या धाग्यावर मी त्यासाठीच आलो.

---

खाडीकाठ | २२ मार्च, रात्री १०:३३

ओढ्यापल्याड, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी दापोलीकडची, कोकणी मुसलमान. आमच्यात नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची. त्यानंतर ती मोकळी. रंगीत कपडे, बांगड्या, अत्तर, दुसरं लग्न, कशालाच मनाई नाही. दीनमध्ये, म्हणजे धर्मात, इतकं स्वच्छ सांगितलेलं आहे. आणि तरी माझ्या निकाहच्या आदल्या रात्री हळदीला माझी खाला (मावशी), जिने मला अंगाखांद्यावर वाढवलं, ती स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत बसली होती. मी हाक मारली तर म्हणाली, "मी नको, तुला चांगलं होऊ दे." तिच्या हातांना पीठ होतं, ते पुसतसुद्धा नव्हती, म्हणजे उठावं लागणार नाही.

हे कुठल्या किताबातून आलं? कुठल्याच नाही. हा या मातीतला रिवाज आहे, हिंदू-मुसलमान-बौद्ध सगळ्यांच्या अंगणात तोच उगवतो. इथे केळशीला याकूबबाबांचा दर्गा आहे, शिवाजीमहाराज त्यांना मानायचे असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. उरुसाला सगळ्या जातीधर्माची माणसं असतात, आम्हाला त्याचं भूषण वाटतं आणि वाटायलाच हवं. पण देवाणघेवाण फक्त चांगल्याची होत नाही. आपण एकमेकांकडून हेही घेतलंय.

भरतीरेषा म्हणतात सोडून द्या. काय सोडू? मी नमाज सोडली असती तरी खालाच्या हातावरचं पीठ तसंच राहिलं असतं.

---

भरतीरेषा | २३ मार्च, सकाळी ९:४०

मी माझ्या प्रतिसादाकडे परत बघितलं. खाडीकाठ आणि ओढ्यापल्याड यांनी जे लिहिलंय त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझी समजूत होती की श्रद्धा गेली की तिच्याबरोबर आलेलं सगळं जातं. माझी स्वतःची आजी आठवली. आमचं घर तीन पिढ्या देव न मानणारं, भिंतीवर एक फोटो नाही. आणि आजोबा गेल्यावर आजीने मोगरा माळणं बंद केलं. आम्ही कोणी विचारलंही नाही का ते. विचार स्वातंत्र्याचे करत होतो आणि कुंडीतला मोगरा सुकत होता.

कौलाबद्दलचं मत मात्र कायम आहे. हक्क पाकळीवर ठेवू नका.

---

जांभा | २४ मार्च, सकाळी ६:५०

चार दिवस विचार केला. घरात मंडळींशी बोललो. ती म्हणाली, "मी गेले तर तुम्ही पालखीला खांदा द्यायचं थांबवाल का?" मी नाही म्हटलं. "मग?" एवढंच विचारून ती मागीलदारी गेली.

आमच्या दापोली-मुरुडकडचीच गोष्ट सांगतो. धोंडो केशव कर्वे मुरुडचे. पत्नी वारल्यावर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झालेला होता, म्हणजे सदतीस वर्षांपूर्वी. तरी मुरुडच्या गावकीने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं आणि आज आम्ही अभिमानाने सांगतो की ते आमचे. मी हे शाळेत असल्यापासून सांगत आलो. पण बहिष्कार घालायला जे बसले होते तेही आमचेच होते, आणि त्यांनाही रीत राखतोय असंच वाटत असणार. मी कमिटीत बारा वर्षं बसलो. देवळाचा जीर्णोद्धार केला. जांभ्याची भिंत पाडून आरसीसी केलं, कौलं काढून स्लॅब घातली, पैसा कमी पडला म्हणून राईतला जुना बेहडा विकला, ते पाप वेगळंच. त्या बारा वर्षांत एकाही बैठकीत एकही बाई नव्हती, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

ताई, कौलाचं मी मागे घेतो. गाऱ्हाण्यात अशा आयांची नावं घ्यायला गुरवाला सांगणं माझ्या गावात मला जमेल. तेवढं या वर्षी करतो.

---

लाल माती | २४ मार्च, रात्री १०:१२

जांभाकाका, तुमच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा असेल तर मसुदा मी करून देते. व्यक्तिगत निरोप पाठवा.

(अवांतर: बेहड्याबद्दल. वर्तक आणि गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हाही देवाच्या भीतीने टिकलेली राई देवाच्याच नावाने तुटते हे दिसू लागलं होतं. राई परत लावता येते. सातवीण, किंजळ, कुंभा यांची रोपं मिळतात. या पावसाळ्यात बघा.)

---

अबोलीची वेणी | ११ मे, रात्री ११:३४

धागा वर काढतेय. आंब्यांच्या निमित्ताने चार दिवस गावी जाऊन आले. तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. मी वाचत होते, ती पडवीत फणसाचे गरे सोडवत होती, हाताला खोबरेल लावून. ओढ्यापल्याड, तुमचं वाचलं तेव्हा तिने हातातला गरा टोपलीत ठेवला आणि बराच वेळ दुसरा घेतला नाही. मग म्हणाली, "त्याच्या आईला माझा नमस्कार सांग." तो इथे सांगते.

मी तिला विचारलं, तू आत का गेलीस? ती सरळ बोलेल असं वाटलं नव्हतं. पण बोलली.

"दोन कारणं. एक, ती शेजारची पोर. लग्न होऊन वर्ष झालं, तिला घरात कोणी विचारत नाही. म्हटलं, पालखीपुढे सगळ्यांच्या देखत तिच्या हातून होऊ दे. आणि दुसरं," इथे ती थांबली, "भीती वाटली. उद्या तुझ्या भावाच्या घरात काही झालं, पोरं आजारी पडली, तर बोल मला लागेल. कोणी म्हणणार नाही, पण माझं मलाच वाटेल."

पहिलं कारण ऐकून मला बरं वाटलं होतं. दुसरं ऐकल्यावर मी काही बोलू शकले नाही.

मग तिने जे सांगितलं ते मला जवळजवळ दोन महिने माहीत नव्हतं. त्याच रात्री पालखी फिरून सहाणेवर गेली, आम्ही सगळे दमून झोपलो. आई उठली. एक नारळ, एक खण आणि रुमालात तांदूळ बांधून बॅटरी घेऊन एकटी सहाणेवर गेली. खेळे (शिमग्यातली नाचगाणी) चालू होते, पन्नासेक माणसं जागी होती. ती पालखीपुढे जाऊन उभी राहिली. गुरव तिच्या पुतण्याच्या वयाचा. त्याने तिच्याकडे बघितलं, तिने त्याच्याकडे.

"मग?"

"मग काय. म्हणाला, काकी, तांदूळ कमी आहेत, दोन्ही हातांनी घाल."

तिने दोन्ही हातांनी घातले. कोणी काही बोललं नाही. परत येताना कोणीतरी पोरगा घरापर्यंत सोडायला आला, रस्त्यात विंचू-किरडू असतं म्हणून.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, "तू मानत नाहीस ना. तुला काय सांगायचं." ते टोचून म्हटलेलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की त्यात मला देणंघेणं नसेल. इतकी वर्षं मी खळ्यात टाळ्या वाजवत उभी होते आणि माझ्या आईची अशी समजूत होती.

मी तिला सांगितलं की मला देणंघेणं आहे. देवीचं नाही, तुझं आहे, आणि त्या खळ्याचं आहे. ती काही वेळ गरे सोडवत राहिली. मग म्हणाली, "पुढल्या वर्षी खळ्यात भरीन. उजेडी. पण मग तू बाजूला उभी राहून ताट धर. माझे हात थरथरतात."

मी हो म्हटलं. नमस्कार करणार नाही हेही सांगितलं. "ताट सरळ धरलंस तरी पुरे," म्हणाली.

भावाशी बोलले, तो तयार आहे. शेजारची ती मुलगी पण ओटी भरेल, दोघी भरतील, असं आईनेच ठरवलंय. गाऱ्हाण्यात नाव घ्यायचं गुरवाच्या कानावर घातलंय, तो म्हणाला बघतो. वळेसार, आईला तुमच्या आजीचं वाक्य तोंडपाठ झालंय, मालवणी हेल काढून म्हणते.

तिने आत्तापासून यादी देऊन ठेवलीय. बदाम संगमेश्वरच्या बाजारातले नकोत, कडू निघतात. खण सुती हवा, पॉलिस्टरचा देवीच्या अंगावरून घसरतो. डोंबिवली-कल्याण भागात असा खण कुठल्या दुकानात मिळतो, कोणाला माहीत असेल तर कृपया सांगा.